महिना वीस शिलिंग

जानेवारीत रात्री साडेदहाला थोरल्या मावसभावाचा फोन आला. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. तो पेनसिल्व्हेनियात राहतो. एरवी तो रविवारी बोलतो, तेही हवापाण्याचं. त्या रात्री मात्र म्हणाला, "अरे, तू कोर्टात बसतोस ना, मग एक सांग. आईच्या बिलासाठी मुलावर दावा लागतो का?"

मी कोर्टात बसतो म्हणजे न्यायाधीश किंवा वकील म्हणून नव्हे. साताऱ्याच्या न्यायालयाजवळ गेली अठ्ठावीस वर्षं माझं टंकलेखनाचं टेबल आहे. पूर्वी रेमिंग्टन होतं, आता संगणक आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, बक्षीसपत्रं टाईप करता करता जो कायदा हाताला लागला तेवढाच मला येतो. बाकीचा ग्रंथालयातून आणि रात्री जागून वाचला. दादाला त्या रात्री सांगितलं, "आपल्याकडे आई स्वतः पोटगी मागू शकते. बिल देणारा दवाखाना मुलाला कोर्टात खेचतो, हे मी ऐकलेलं नाही." ते उत्तर पेनसिल्व्हेनियापुरतं चुकलं होतं. ते का चुकलं, हे शोधताना मी चारशे वर्षं मागे गेलो.

आधी एका शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे डॉक्टरचा पाच-दहा खाटांचा खाजगी दवाखाना. निम्म्या वाचकांचा जन्म अशाच एखाद्या ठिकाणी झाला असेल. अमेरिकेतलं नर्सिंग होम वेगळं. उठता-बसता न येणारी, स्वतःच्या हाताने खाता न येणारी म्हातारी माणसं तिथे महिनोन्‌महिने, बऱ्याचदा शेवटपर्यंत राहतात. मावशी २००८ साली दादाकडे गेली, पुढे तिने तिकडचं नागरिकत्व घेतलं. गेल्या वर्षी सप्टेंबरात न्हाणीघरात पडून तिचा खुबा मोडला. रुग्णालयातून तिला अशा ठिकाणी हलवलं. वृद्धांसाठीचा सरकारी विमा, मेडिकेअर, अशा मुक्कामाचे पहिले २० दिवस पूर्ण भरतो, १०० व्या दिवसापर्यंत काही भाग भरतो आणि तिथे थांबतो. त्यानंतर एकतर खिशातून भरायचं, नाहीतर खिसा रिकामा असल्याचं सिद्ध करून मेडिकेड ही गरिबांची योजना मागायची. दादाने अर्ज केला होता, निर्णय लागला नव्हता आणि बिल मात्र दादाच्या नावाने आलं होतं.

या बिलाचं मूळ इंग्लंडात, राणी पहिल्या एलिझाबेथच्या काळात आहे. १५९४ ते १५९७ अशी सलग चार वर्षं तिथे पीक बुडालं. लोकसंख्या वाढत होती, धान्याचे भाव मजुरीच्या कितीतरी पुढे गेले होते, आणि पूर्वी भिक्षा घालणारे मठ राणीच्या बापाने, आठव्या हेन्रीने, कधीच मोडीत काढले होते. रस्ते भिकाऱ्यांनी भरले. पार्लमेंटने १५९७-९८ च्या बैठकीत गरिबांसाठी कायदा केला आणि १६०१ मध्ये तो दुरुस्त करून पक्का केला. प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावाने, आपले गरीब आपण पोसायचे. त्यासाठी गावातल्या घरजमीनवाल्यांवर कर बसवायचा आणि तो गोळा करून वाटायला दरवर्षी दोन-चार देखरेखदार नेमायचे.

गावाने पोसायचं ठरलं की पुढचा प्रश्न येतोच. ज्याचा मुलगा धडधाकट आहे, कमावता आहे, त्या म्हाताऱ्याला गावाने का पोसावं? म्हणून कायद्यात एक कलम आलं. म्हातारा, आंधळा, लंगडा, अधू किंवा काम करू न शकणारा जो गरीब असेल, त्याचे आईबाप, आजीआजोबा आणि मुलं यांनी, ऐपत पुरेशी असेल तर, त्याला पोसलं पाहिजे. किती द्यायचं ते न्यायदंडाधिकारी आपल्या तिमाही बैठकीत ठरवतील. जो चुकेल त्याला दर महिन्याला २० शिलिंग दंड.

हे कलम मी पुष्कळदा वाचलं. त्यात प्रेमाचा, कृतज्ञतेचा, आईबापांच्या ऋणाचा एकही शब्द नाही. पैसा मागणारी बाजू म्हाताऱ्याची नाहीच, गावाची आहे. म्हातारा फक्त खर्चाची बाब. दुसरी एक खुबी बघा. आजोबाने नातवाला पोसायचं, हे त्यात आहे. नातवाने आजोबाला पोसायचं, हे नाही. आपल्याकडच्या माणसाला हे उलटं वाटेल, पण कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा एवढंच होतं की आजोबाकडे जमीन असू शकते, नातवाकडे काय असणार?

कोर्टांनीही ते कलम तसंच, शब्दाला शब्द लावून वाचलं. १७१९ सालचा एक खटला आहे, 'राजा विरुद्ध मंडेन'. जावयाने सासूला पोसावं, असा हुकूम झाला होता. वरच्या कोर्टाने तो रद्द केला. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं : आईबापांची काळजी घेणं हा निसर्गाचा नियम आहे खरा, पण तो पाळायला लावणारं ऐहिक बंधन कुठलंच नव्हतं, म्हणून तर पार्लमेंटला कायदा करावा लागला, आणि त्या कायद्यात जावई नाही. म्हणजे निसर्गाचं कर्तव्य आणि कायद्याचं देणं या दोन वह्या वेगळ्या. लग्न झालेल्या बाईच्या नावावर तेव्हा काही नसे, त्यामुळे लेकीकडून वसूल करायलाही काही नव्हतं. सासू राहिली गावाच्या माथी.

पुढे १८३४ साली नवा गरीब-कायदा आला. त्याने पॅरिशांचे गट बांधले आणि त्यांवर पालक-मंडळं बसवली. धडधाकट गरिबाला मदत हवी तर वर्कहाऊसमध्ये, आणि तिथलं जिणं बाहेरच्या सगळ्यात गरीब मजुरापेक्षा बरं असता कामा नये, हे त्या कायद्याचं सूत्र. मुलांच्या जबाबदारीचं कलम मात्र जसंच्या तसं राहिलं. १८७० नंतर घरपोच मदतीवर कात्री चालवायची मोहीम निघाली तेव्हा तर त्याला नवी धार आली. पालक-मंडळं मजूर मुलांकडून आठवड्याचे थोडेथोडके पैसे वसूल करू लागली. वसुली बेताची, पण दरारा मोठा. आपल्यासाठी पोराला कोर्टात उभं करतील, या धास्तीने किती म्हाताऱ्यांनी मदत मागितलीच नसेल, याचा हिशेब कुठल्या वहीत असणार?

त्या कलमाला पहिला धक्का एका पोस्टाच्या खिडकीने दिला. १९०८ चा पेन्शन कायदा १ जानेवारी १९०९ पासून लागू झाला आणि सत्तरी गाठलेल्या गरीब माणसाला आठवड्याला ५ शिलिंगांपर्यंत रक्कम पोस्टातून मिळू लागली. मुलाची ऐपत कुणी विचारत नव्हतं. पण १९३१ च्या मंदीत बेकारांसाठी घरटी मिळकत-तपासणी आली, एका छपराखालच्या सगळ्यांची कमाई मोजली जाऊ लागली आणि लेकाची मजुरी पुन्हा बापाच्या भत्त्यातून कापली गेली. बापाचा भत्ता वाचावा म्हणून मुलं घर सोडून दुसरीकडे राहायला गेली. कुटुंब बांधून ठेवायला केलेल्या नियमाने कुटुंब फोडलं. इंग्लंडातला कामगार ते विसरला नाही. १९४८ च्या राष्ट्रीय साहाय्य कायद्याच्या पहिल्याच कलमाने जुना गरीब-कायदा संपला. त्यानंतर जबाबदारी उरली ती नवरा-बायकोची एकमेकांविषयी आणि आईबापांची सोळा वर्षांखालच्या मुलांविषयी. सज्ञान मुलगा कायद्याच्या लेखी सुटला, ३४७ वर्षांनी.

एव्हाना ते कलम समुद्रापार जाऊन रुजलं होतं. अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींनी एलिझाबेथचा कायदा सामानाबरोबर नेला होता. ऱ्होड आयलंडने १६४७ मध्येच तो उचलला, पेनसिल्व्हेनियाने अठराव्या शतकात. स्वातंत्र्य मिळालं, राजा गेला, राणीचं कलम राहिलं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक राज्यांत ते या ना त्या रूपात होतं.

मग १९३५ चा सामाजिक सुरक्षा कायदा आला, म्हाताऱ्यांना दरमहा पेन्शन सुरू झालं. ३० जुलै १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी मेडिकेअर आणि मेडिकेडच्या कायद्यावर सही केली. मेडिकेडमध्ये एक गोष्ट निक्षून लिहिली होती : अर्जदाराची ऐपत मोजताना नवरा-बायको सोडून, आणि अर्जदार लहान असेल तर त्याचे आईबाप सोडून, दुसऱ्या कुणाची मिळकत धरायची नाही. म्हणजे मुलगा लक्षाधीश असला तरी आईला मेडिकेड मिळू शकतं. कोर्टं दोन्हीकडे झुकत होती. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये, सरकारी मनोरुग्णालयातल्या आईचा खर्च मृत मुलीच्या इस्टेटीतून वसूल करणं समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवलं. त्याच न्यायालयाने १९७३ मध्ये, गरीब आईबापांच्या सरकारी मदतीचा काही भाग मुलांकडून घ्यायला हरकत नाही, असंही म्हटलं. काही राज्यांनी कलम काढून टाकलं. बाकीच्यांनी ते कपाटात तसंच ठेवलं. आजही वीसपेक्षा जास्त राज्यांच्या पुस्तकांत ते आहे.

कपाटातून ते पुन्हा बाहेर आलं तेव्हा फिर्यादी बदललेला होता. १९९४ चा साउथ डाकोटातला निकाल मी तीनदा वाचला, कारण त्यात मला आमचंच घर दिसत होतं. आईने आपली मालमत्ता एका ट्रस्टमध्ये घातली होती. त्यामुळे मेडिकेड मिळेना, आणि नर्सिंग होमचे ३६,००० डॉलर्सच्या वर थकले. मुलगा दूर, वॉशिंग्टनमध्ये. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, मुलाने भरावं. इथे पैसा मागणारी ना आई, ना गाव, ना सरकार. एक खाजगी संस्था.

पेनसिल्व्हेनियाने २००५ मध्ये आपलं जुनं कलम सार्वजनिक कल्याणाच्या कायद्यातून उचललं आणि कौटुंबिक संबंधांच्या कायद्यात नेऊन बसवलं. फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. गेलं ते ७ मे २०१२ रोजी. मोटार अपघातानंतर एक बाई सहा महिने ॲलनटाऊनच्या नर्सिंग होममध्ये होती आणि मग ग्रीसला निघून गेली. मागे राहिलं सुमारे ९३,००० डॉलर्सचं बिल आणि रेस्टॉरंट चालवणारा एक मुलगा. तो म्हणाला, माझ्या आईला नवरा आहे, आणखी दोन मुलं आहेत, त्यांना का नाही विचारत? कोर्ट म्हणालं, कुणावर दावा लावायचा ते फिर्यादीने ठरवावं, तुम्हाला हवं तर तुम्ही त्यांना ओढा. तो म्हणाला, मेडिकेडचं अपील चालू आहे, त्याचा निकाल लागू द्या. कोर्ट म्हणालं, त्यासाठी थांबायचं बंधन नाही. तो म्हणाला, आई काही कंगाल नाही. कोर्ट म्हणालं, कंगाल असायची गरजच नाही, स्वतःचा खर्च भागवण्याइतकी ऐपत नसली की पुरे. सुटकेच्या वाटा कायद्यात दोनच : मुलाची ऐपत नाही, किंवा आईबापांनी त्याला लहानपणी दहा वर्षं वाऱ्यावर सोडलं होतं.

दादाला तिसरीच चिंता होती. मावशीला दाखल करताना 'जबाबदार व्यक्ती' म्हणून त्याने सही केली होती. १९८७ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे नर्सिंग होमला दाखल करून घेण्यासाठी तिसऱ्या माणसाची हमी मागता येत नाही. त्यामुळे त्या सहीचा अर्थ, आईच्या पैशातून आईची बिलं भरणारा, एवढाच निघतो. हे कळल्यावर तो जरा निवांत झाला. मी झालो नाही. पेनसिल्व्हेनियात मुलाला सहीची गरजच नाही, जन्म पुरेसा आहे.

आता आपल्याकडे. १८९८ च्या फौजदारी संहितेचं ४८८ वं कलम बायको आणि मुलांना पोटगी देणारं होतं. आईबाप त्यात नव्हते. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने वृद्ध आईबापांना पोसणं मुलगा आणि मुलगी दोघांवरही टाकलं. १९७३ च्या संहितेत १२५ वं कलम आलं आणि आईबापांना धर्म कुठलाही असो, सरळ दंडाधिकाऱ्याकडे जायची वाट मिळाली. त्यातले 'पुरेशी साधनं असलेली व्यक्ती' हे शब्द वाचले की १६०१ ची 'पुरेशी ऐपत' आठवतेच. हेच कलम १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत १४४ वं झालं आहे. आमच्या तोंडी मात्र अजून 'एकशेपंचवीस'च.

या कलमावरचा एक मोठा निकाल कल्याणचा. बापाने डॉक्टर असलेल्या विवाहित मुलीकडे महिना ५०० रुपये मागितले. मुलीचं म्हणणं, कलमात सर्वनाम पुल्लिंगी आहे, म्हणजे फक्त मुलगाच बांधील. कल्याणचे दंडाधिकारी, मुंबई उच्च न्यायालय आणि १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालय, तिघांनीही ते नाकारलं. लग्नाने मुलीचं मुलगीपण संपत नाही. ज्यांना मुलीच आहेत त्या आईबापांनी कुठे जायचं? मात्र न्यायालयाने एक अट घातली : मुलीची ऐपत नवऱ्याची कमाई वगळून, तिची स्वतःची असली पाहिजे. १७१९ चा जावई इथेही सुटला. मुलगी मात्र सुटली नाही, कारण एव्हाना तिच्या हातात स्वतःची कमाई होती.

२००७ साली ज्येष्ठ नागरिकांचा स्वतंत्र कायदा आला. वकिलाशिवाय प्रांताधिकाऱ्यांपुढे चालणारं न्यायाधिकरण, निर्वाहाची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये. २०२० मध्ये लातूर जिल्हा परिषदेने तर आईबापांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून ३० टक्के कापून ते थेट आईबापांना द्यायचा ठराव केला. तिकडच्या आणि इकडच्या कायद्यांत मला दिसणारा मोठा फरक हा की इथे मागणारी आई स्वतः असते. कागदावर हे मानाचं वाटतं. माझ्या टेबलासमोर तसं दिसत नाही. अर्ज टाईप होतो, बाई अंगठा लावायला हात पुढे करते आणि विचारते, "ह्येनं त्याची नोकरी जाईल का वो?" नाही म्हटलं तरी कित्येकदा कागद पदरात बांधून निघून जाते. टंकलेखनाचे पैसे मात्र देऊन जाते. तिकडच्या संस्थेचा हात असा अडखळत नाही.

आता दादाच्या फोनचा उरलेला भाग, जो मी इतका वेळ टाळला. मेडिकेडवाले अर्जदाराचे मागचे पाच वर्षांचे व्यवहार तपासतात. त्या काळात काही फुकट दिलं असेल तर त्याच्या किमतीच्या हिशेबाने तितके महिने मदत बंद. मालमत्ता सातासमुद्रापार असली तरी ती सुटत नाही. मावशी २०२१ मध्ये साताऱ्याला आली होती तेव्हा तिने इथलं राहतं घर धाकट्या मुलाच्या नावे बक्षीसपत्राने केलं. थोरल्याला तिकडे काय कमी आहे, असं म्हणाली. ते बक्षीसपत्र मी टाईप केलं. दोन पानं. "प्रेमापोटी व स्वखुशीने" हे शब्द माझ्या संगणकात तयारच असतात.

त्यात मी एक ओळ घातली नव्हती. २००७ च्या कायद्याचं २३ वं कलम म्हणतं की सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर न्यायाधिकरण तो व्यवहार रद्द करू शकतं. अट दिसली पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. जानेवारी २०२५ च्या निकालात ज्येष्ठांच्या बाजूने उदार अर्थ लावायला सांगितलं. अटीची ओळ तेव्हा मला माहीत होती. घरातलंच माणूस, म्हणून मी ती सुचवली नाही. मावशीला वाईट वाटेल, असंही वाटलं होतं. धाकट्याला जास्त वाईट वाटेल, असं वाटलं होतं, हे जास्त खरं.

दादाचा अर्ज मार्चमध्ये फेटाळला गेला, कारण म्हणून त्याच बक्षीसपत्राची तारीख दिलेली होती. दिलेली मालमत्ता परत आली तर तो दंडकाळ टळू शकतो, असं तिकडच्या वकिलाने त्याला कळवलं. दादाने धाकट्याला फोन केला. धाकटा म्हणाला, घरावर कर्ज काढून मी वरचा मजला चढवलाय. दोघे भाऊ दीड महिना बोलले नाहीत. त्या काळात दादा हप्त्याने पैसे भरत राहिला आणि मी हा लेख लिहायला घेतला.

ऑगस्टमध्ये, पावसाची उघडीप होती त्या दिवशी, धाकटा माझ्या टेबलाशी आला. बँकेची ना-हरकत मिळतेय म्हणाला. "दादा, घर आईच्या नावावर परत करायचं तर स्टॅम्प किती?" आईने मुलाला राहतं घर बक्षीस दिलं तर आपल्या राज्यात मुद्रांक शुल्क २०० रुपये. मुलाने आईला दिलं तर त्या सवलतीच्या यादीत आई नाही; तिथे बाजारमूल्याच्या ३ टक्के, वर स्थानिक अधिभार. मी आकडा काढून दिला. तो बराच वेळ कागदाकडे बघत बसला. मग म्हणाला, "टाईप कर."